पडद्याचा पत्ता

नेवाडाच्या वाळवंटात २३ सप्टेंबर १९९२ रोजी जमिनीच्या पोटात एक अणुस्फोट झाला. सांकेतिक नाव ‘डिव्हायडर’. १९४५पासून अमेरिकेने हजारावर अणुचाचण्या केल्या होत्या, त्या मालिकेतली ही शेवटची. पुढच्याच महिन्यात चाचण्या थांबवण्याच्या कायद्यावर सही झाली. बंदी तात्पुरती म्हणून आली, पण मुदती वाढत गेल्या आणि पुन्हा कोणी बटण दाबलं नाही.

बॉम्ब मात्र कोठारांत होते तसेच होते, आणि म्हातारे होत होते. धातू गंजतो, स्फोटकांचं रसायन बदलतं, प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात. असा जुना बॉम्ब हवा तेव्हा फुटेल का, आणि नको तेव्हा फुटणार नाही ना, हे दोन्ही प्रश्न पूर्वी एखादा फोडून पाहिला की सुटायचे. आता ते गणिताने सोडवायचे होते. १९९५ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लॉस अलामोस, लिव्हरमोर आणि सँडिया या आपल्या तीन प्रयोगशाळांसाठी ‘एएससीआय’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. तोवर कोणी बांधले नव्हते एवढे मोठे संगणक बांधायचे आणि स्फोट त्यांच्या आत घडवायचा. १९९६च्या डिसेंबरात सँडियासाठी तयार होत असलेल्या ‘एएससीआय रेड’ने सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा टप्पा ओलांडला.

या संगणकांतून जे बाहेर पडायचं ते बघायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या पाठोपाठ आला. १९९९चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालेलं एक काम घ्या. दोन वायूंच्या सीमेवरून आघाततरंग गेला की ते एकमेकांत कसे घुसळले जातात, याचं ते गणित. त्यासाठी अवकाशाचे २०४८ × २०४८ × १९२० खण पाडले होते, म्हणजे ८ अब्जांहून जास्त. प्रत्येक खणाची घनता, दाब, वेग, आणि हे सगळं क्षणाक्षणाला बदलणारं. त्या वेळच्या चांगल्या मॉनिटरवर १२८० × १०२४ ठिपके मावत, म्हणजे १३ लाख. एवढ्याशा जागेत ते चित्र कोंबलं की आधी नाहीसे होतात ते बारीक भोवरे, आणि शास्त्रज्ञाला नेमके तेच पाहायचे असतात.

पडदा मोठा हवा, हे ज्यांच्या लवकर लक्षात आलं त्यांत मिनेसोटा विद्यापीठातले पॉल वुडवर्ड होते. खगोलातल्या वायूंच्या प्रवाहांचं गणित करणारा हा माणूस. वरच्या पारितोषिकाच्या कामातही त्यांचा हात होता. १९९४ साली वॉशिंग्टनच्या सुपरकॉम्प्युटिंग परिषदेत त्यांच्या गटाने ‘पॉवरवॉल’ मांडली. ८ फूट रुंद, ६ फूट उंच पडदा, मागून चार प्रोजेक्टर, सगळे मिळून ३२०० × २४०० ठिपके. मागे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची ओनिक्स जातीची यंत्रं होती, चित्रगणितासाठीच बांधलेली आणि किमतीलाही तशीच. त्याच्या दोन वर्षं आधी शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात डॅन सँडिन, टॉम डिफँटी आणि कॅरोलिना क्रूझ-नीरा यांनी ‘केव्ह’ उभी केली होती. एका खोलीच्या भिंती आणि जमीन हेच पडदे, आणि प्रत्येक पडद्यामागे सिलिकॉन ग्राफिक्सचं एक स्वतंत्र वर्कस्टेशन. अनेक यंत्रांनी मिळून एकच दृश्य काढायचं, ही कल्पना इथे आली होती. पण त्या दृश्यासाठी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम मुळापासून ‘केव्ह’साठीच लिहावा लागे. रोजचा टर्मिनल, रोजचा आलेख काढणारा प्रोग्रॅम उचलून तिथे नेता येत नसे.

नव्वदचं दशक संपता संपता बाजार उलटला. खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डं काही हजार रुपयांच्या मोलात मिळू लागली आणि त्यांच्या वेगापुढे ओनिक्सची किंमत डोळ्यांत खुपू लागली. मग सरळ विचार असा झाला: प्रत्येक प्रोजेक्टरमागे एक साधा पीसी ठेवायचा, त्यावर लिनक्स घालायचं आणि सगळे नेटवर्कने जोडायचे. लिव्हरमोरला १५ प्रोजेक्टरची भिंत उभी राहिली, पाच रांगेत, तीन एकावर एक, एकूण ६४०० × ३०७२ ठिपके. सँडियाने पुढे ४८ प्रोजेक्टर लावले आणि ६ कोटी ठिपक्यांच्या वर गेलं. भिंत झाली, पण तिच्यावर आता पंधरा वेगवेगळे संगणक शेजारी शेजारी उभे होते. एकाचा माऊस दुसऱ्यात जाईना, एकातली खिडकी सरकवत काठाला नेली की तिथेच अडे.

या पंधरांचा एक पडदा करण्याची सोय खरं तर कधीचीच करून ठेवलेली होती. ती ज्यांनी केली त्यांना भिंत नको होती.

१९८३ साली एमआयटीत ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसभर संगणकांचं जाळं विणायचं होतं. पैसा आणि यंत्रं दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडून, डेक आणि आयबीएम. म्हणून एका कंपनीच्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसरीच्या पडद्यावर दिसला पाहिजे, ही सक्ती पहिल्या दिवसापासून होती. डेकचे जिम गेटीज या कामावर होते. एमआयटीतच बॉब शायफ्लर हे ‘आर्गस’ नावाच्या, अनेक यंत्रांवर विखुरलेल्या प्रणालीवर काम करत होते. तिच्यातले दोष शोधायचे तर दहा ठिकाणी चाललेल्या प्रोग्रॅमांकडे एकाच पडद्यावरून बघता यायला हवं. दोघांची गरज वेगळी, उत्तर एक.

स्टॅनफर्डमध्ये पॉल असेंते आणि ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ नावाची विंडो प्रणाली केली होती. ती एमआयटीत आली, पण फार रेंगाळे. कारण तिच्यात प्रोग्रॅम एक रेघ काढायला सांगे, उत्तराची वाट बघे, मग पुढची रेघ सांगे. १९८४च्या जूनमध्ये शायफ्लर यांनी डब्ल्यूमधला बराचसा मजकूर उचलला आणि ही वाट पाहणं काढून टाकलं. प्रोग्रॅमने सांगत सुटायचं, पडद्याने काढत राहायचं; उत्तर खरंच लागेल तेव्हाच थांबायचं. इंग्रजी मुळाक्षरांत डब्ल्यूनंतर येतं ते नाव त्यांनी या नव्या अपत्याला दिलं: एक्स.

एक्सची दुसरी गोष्ट लोकांना कायम गोंधळात पाडत आली. सर्व्हर म्हटलं की मागच्या थंड खोलीतलं मोठं यंत्र डोळ्यांसमोर येतं. एक्समध्ये सर्व्हर म्हणजे तुमच्या टेबलावरचा पडदा. पडदा, कीबोर्ड आणि माऊस यांची सेवा तो देतो. प्रोग्रॅम हा गिऱ्हाईक, तो जगात कुठेही चालो. त्यामुळे प्रत्येक पडद्याला पत्ता असतो: यंत्राचं नाव, पुढे डिस्प्लेचा क्रमांक, पुढे स्क्रीनचा क्रमांक. प्रोग्रॅमला तो पत्ता दिला की चित्र तिकडे उमटतं. १९८७च्या सप्टेंबरात अकरावी आवृत्ती आली आणि सन, एचपी, डेक, आयबीएम अशा सगळ्या युनिक्सवाल्यांनी ती घेतली. कुलूप न लावलेल्या पडद्याचा पत्ता माहीत असला की शेजारच्या टेबलावर झुरळंही सोडता येत. तसा एक प्रोग्रॅम खरंच होता. खिडकी सरकवली की तिच्याखालून झुरळं पळत सुटायची. नव्वदच्या दशकातल्या युनिक्सच्या प्रयोगशाळांमध्ये त्याने कितीजणांना खुर्चीतून उठवलं असेल!

त्या पत्त्यातला शेवटचा भाग, स्क्रीनचा क्रमांक, इथे महत्त्वाचा. अकराव्या आवृत्तीत एका सर्व्हरला दोन-तीन स्क्रीन जोडता येत. माऊसचा पॉइंटर एकातून दुसऱ्यात जाई, पण खिडकी जात नसे. प्रत्येक स्क्रीनची स्वतःची एक मूळ खिडकी, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या पोटात जन्मलेल्या. जन्माचं घर बदलायची मुभा नव्हती. शेअर बाजारात किंवा चिप आखणाऱ्या कंपन्यांत चार मॉनिटर मांडून बसणाऱ्यांना हे फार जाचे.

डेकच्या अभियंत्यांनी यावर एक तोडगा काढला आणि १९९८ साली अकराव्या आवृत्तीच्या ६.४ या फेरीत तो सगळ्यांना खुला झाला. आधीचं नाव पॅनोरामिक्स. नंतरचं झिनेरामा, आणि हे नाव सिनेमातून आलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ३० सप्टेंबर १९५२ रोजी फ्रेड वॉलर यांच्या ‘सिनेरामा’चा पहिला खेळ झाला होता. तीन कॅमेऱ्यांनी घेतलेलं दृश्य तीन प्रोजेक्टरांनी एका वळणदार पडद्यावर फेकायचं. लोक थक्क झाले, पण तीन चित्रांच्या मधल्या दोन जोडरेषा कधी पुरत्या गेल्या नाहीत. दिग्दर्शक तिथे नेमकं झाड किंवा खांब येईल अशी दृश्यं आखत.

झिनेरामाची युक्ती साधी आहे. सर्व्हर प्रोग्रॅमला खोटं सांगतो: माझ्याकडे एकच भलामोठा स्क्रीन आहे. प्रोग्रॅमने खिडकी मागितली की तो ती प्रत्येक स्क्रीनवर बनवतो, जागा त्या त्या स्क्रीनच्या हिशेबाने सरकवून. रेघ काढायला सांगितली की प्रत्येक स्क्रीनला तीच रेघ काढायला लावतो. ज्याच्या हद्दीत जेवढं येतं तेवढं दिसतं, उरलेलं कापलं जातं. खिडकी काठ ओलांडून पलीकडे जाते तेव्हा काहीच कुठे जात नाही. ती आधीपासून दोन्हीकडे होतीच. असलं भाबडं वाटणारं उत्तर मला नेहमीच हुशार उत्तरापेक्षा भरवशाचं वाटतं.

पण हे सगळे स्क्रीन एकाच यंत्राला जोडलेले हवेत. पीसीच्या पेटीत तेव्हा एजीपीची एक खाच आणि पीसीआयच्या चार-पाच. तेवढी कार्डं लावली की संपलं. पंधरा प्रोजेक्टर कुठून चालणार?

जुलै २००१ मध्ये एका आराखड्याची पहिली प्रत लिहिली गेली. नाव ‘डिस्ट्रिब्युटेड मल्टिहेड एक्स’, थोडक्यात डीएमएक्स. लिहिणारे केव्हिन मार्टिन, डेव्हिड डॉस आणि रिक फेथ. डॉस हे पीसीवर एक्स आणणाऱ्या ‘एक्सफ्री८६’च्या संस्थापकांपैकी. मार्टिन आणि फेथ यांच्याबद्दल पुढे सांगायचं आहे. या कामाला त्याच अणुप्रयोगशाळांचा पैसा होता, आणि जे बनलं ते रेड हॅट कंपनीने सर्वांसाठी खुलं केलं.

आराखडा वाचताना जाणवतं की नवीन असं यात फार थोडं शोधलेलं आहे. मध्ये एक एक्स सर्व्हर बसवायचा. त्याला स्वतःचा पडदाच नाही. पुढून तो सर्व्हर असतो. प्रोग्रॅम येतात, खिडक्या मागतात, आणि त्यांना तो एखाद्या साध्या एक्स सर्व्हरहून वेगळा वाटत नाही. पाठीमागून मात्र तोच गिऱ्हाईक होतो. भिंतीमागच्या प्रत्येक यंत्रावर नेहमीचा एक्स सर्व्हर चालू असतो आणि हा मधला त्यांच्या पत्त्यांवर जाऊन चित्रं काढून घेतो. एका एक्स सर्व्हरने दुसऱ्याच्या खिडकीत राहण्याची ही कल्पना ‘एक्सनेस्ट’ नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होती. अनेक स्क्रीनांचा एक करण्याची झिनेरामात होती. दोन्ही एकत्र केल्या. झिनेरामाला कळतसुद्धा नाही की आपले ‘स्क्रीन’ आता पेटीतल्या कार्डांऐवजी तारेच्या दुसऱ्या टोकाला आहेत.

यातून एक मोठा फायदा फुकटात मिळाला. मागची यंत्रं एका जातीची असण्याची गरज उरली नाही. एक सनचं, एक लिनक्सचा पीसी, एक आणखी कोणतं, रंगांची खोली जुळली की पुरे. मागच्या यंत्रांवर काही नवीन बसवावंही लागत नसे. आपण एका मोठ्या भिंतीचा तुकडा आहोत हे त्यांच्या गावीही नसे. वापरणारा मात्र ज्या टेबलाशी बसेल तिथला कीबोर्ड आणि माऊस मधल्या सर्व्हरला जोडू शके. किंवा आपल्या साध्या मॉनिटरवर एक छोटी खिडकी उघडे, तिच्यात सगळ्या भिंतीचा नकाशा आणि त्यात फिरणारा पॉइंटर. नकाशात बोटभर सरकलं की भिंतीवर पॉइंटर वावभर जाई.

कागदावर हे दोन पानांत मावतं. चालवायला गेल्यावर अडचणी आल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी शायफ्लर यांनी १९८४ सालीच ओळखलेली होती: वाट पाहणं. पहिल्या आवृत्तीत मधला सर्व्हर काही काढून झालं की मागच्या सगळ्यांना ‘झालं का?’ असं विचारे आणि उत्तर येईपर्यंत थांबे. एका यंत्रात या प्रश्नाला काही लागत नाही. पंधरा यंत्रं, मध्ये इथरनेट, आणि प्रत्येक रेघेला पंधरा जणांच्या होकाराची वाट. एक मेन्यू उघडायलाही जीव नकोसा व्हावा. मग ते विचारणं गोळा करून ठरावीक अंतराने एकदाच करायचं ठरलं, आणि वेगातली सर्वांत मोठी उडी या एका बदलाने घेतली. डब्ल्यूचा जो दोष काढून एक्स जन्मला, तोच मागच्या दाराने परत आला होता.

दुसरी अडचण झिनेरामाच्या भाबडेपणातून आली. प्रत्येक खिडकी प्रत्येक स्क्रीनवर बनवायची, म्हणजे एका प्रोग्रॅमने शंभर छोट्या खिडक्या मागितल्या की तारेवरून पंधराशे मागण्या. त्यांतल्या बहुतेक खिडक्या बहुतेक यंत्रांवर कधी दिसणारच नाहीत. मग आळशीपणा मुद्दाम शिकवला गेला: खिडकी खरोखर दिसायची वेळ येईपर्यंत मागच्या यंत्रावर ती बनवायचीच नाही. छायाचित्रांचंही तसंच, पूर्ण चित्र सगळ्यांना पाठवण्याऐवजी ज्याच्या हद्दीत जेवढा तुकडा येईल तेवढाच त्याला. आणि एक्सच्या संहितेत स्क्रीनांची कमाल संख्या १६ अशी आखलेली होती. हा आकडा लिहिणाऱ्याला तो चैनीचाच वाटला असणार. सँडियाच्या ४८ प्रोजेक्टरांपुढे तो तोकडा पडला.

किरकोळ कटकटी वेगळ्याच. जुन्या एक्समध्ये अक्षरांचे फाँट सर्व्हरकडे असत, म्हणजे इथे मागच्या प्रत्येक यंत्राकडे. एकावर एखादा फाँट नसला की सगळ्या भिंतीचं गाडं अडे. अखेर ‘चुकीच्या फाँटच्या वाटांकडे काणाडोळा कर’ अशा अर्थाचा एक पर्यायच सुरू करण्याच्या आज्ञेत द्यावा लागला. त्यामागे किती संध्याकाळी गेल्या असतील हे युनिक्स सांभाळणाऱ्यांना सांगायला नको.

टर्मिनल, आलेख, नकाशे, मजकूर यांसाठी डीएमएक्स पुरे पडलं. हलत्या चित्रांसाठी पुरे पडणं शक्य नव्हतं, आणि त्याचं कारण निव्वळ अंकगणित आहे. लिव्हरमोरच्या भिंतीवर सुमारे १ कोटी ९७ लाख ठिपके. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एका चित्राचे जवळपास ७९ मेगाबाइट. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे २ हजार ३०० मेगाबाइटच्या वर. तेव्हाच्या साध्या इथरनेटवरून सेकंदाला १२ मेगाबाइट जात, नव्या गिगाबिट तारेवरून फार तर सव्वाशे. ठिपके पाठवून चालणारच नव्हतं.

स्टॅनफर्डमध्ये पॅट हॅनरहन यांच्या गटाने याची दुसरी वाट काढली. ग्रेग हम्फ्रीज आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ‘वायरजीएल’ आणि पुढच्या वर्षी ‘क्रोमियम’ मांडलं. गूगलच्या ब्राउझरशी याचा नावापलीकडे संबंध नाही. त्रिमितीय प्रोग्रॅम आपली चित्रं ओपनजीएल या ग्रंथालयाला सांगून काढतो. ते ग्रंथालयच बदलून त्या जागी यांनी आपलं ठेवलं. प्रोग्रॅमला हे कळतही नाही; तो त्रिकोण सांगत राहतो. हे ग्रंथालय प्रत्येक त्रिकोण भिंतीच्या कोणत्या तुकड्यात पडतो ते बघतं आणि फक्त त्या यंत्राला पाठवतं. ठिपके शेवटी तिथल्या कार्डानेच रंगवायचे. मग डीएमएक्स आणि क्रोमियमची जोडी जमली: खिडकी कुठे आहे हे डीएमएक्स सांगे आणि खिडकीच्या आतलं दृश्य क्रोमियम थेट मागच्या यंत्रांवर उतरवे. खिडकी ओढत नेली की दृश्य तिच्याबरोबर जाई. या गटातल्या इयन बक यांनी पुढे एनव्हिडियात जाऊन ग्राफिक्स कार्डांवर इतर गणित चालवणारी ‘कूडा’ प्रणाली घडवली, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा बराचसा धंदा त्या पायावर उभा आहे.

तारांचं झालं, पण सिनेरामाच्या जोडरेषा होत्याच. दोन प्रोजेक्टरांची चित्रं केसभर सरकली की डोळा तिथेच अडकतो. प्रयोगशाळेतली माणसं शिडीवर चढून, स्क्रू फिरवत, तास न् तास प्रोजेक्टर जुळवत. रात्री इमारत गार झाली की सकाळी पुन्हा थोडं बिनसलेलं. दिवे जसे जुने होत तसे रंगही वेगवेगळे उतरत.

इथे या कथेत एक नाशिकचा माणूस येतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून शिकून रमेश रासकर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स यांच्या गटात पीएच.डी. करत होते. १९९८ साली त्या गटाने ‘भविष्यातलं ऑफिस’ मांडलं, ज्यात साध्या खोलीच्या भिंतीच पडदे होणार होत्या. पुढच्या वर्षी रासकर आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रोजेक्टर कॅमेऱ्याने जुळवण्याची पद्धत दाखवली. प्रोजेक्टर वेडेवाकडे ठेवले तरी चालतील. प्रत्येकाने ओळखीच्या खुणा भिंतीवर फेकायच्या, कॅमेऱ्याने त्या कुठे पडल्या ते बघायचं, त्यावरून प्रत्येकाचा वाकडेपणा मोजायचा आणि चित्र फेकण्याआधीच ते उलट्या दिशेने तेवढंच वाकवायचं. एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत उजेड हळूहळू कमी करत न्यायचा म्हणजे जोड दिसत नाही. प्रिन्स्टनमध्ये काय ली यांच्या गटानेही आपल्या भिंतीसाठी कॅमेऱ्याचीच वाट धरली. त्यांची भिंत १९९८मध्ये ८ प्रोजेक्टरांची होती, ती पुढे २४ पर्यंत गेली. शिडीवरचे तास असे गणिताने वाचवले.

प्रोजेक्टरांचाही काळ फार टिकला नाही. सपाट एलसीडी पडदे स्वस्त झाले आणि भिंती त्यांच्या होऊ लागल्या. ‘केव्ह’ उभारणाऱ्या शिकागोच्या गटाने २००५च्या सुमारास ५५ पडदे जोडून १० कोटी ठिपके गाठले. टेक्सासमध्ये २००८ साली ‘स्टॅलियन’ आली, ७५ पडदे, ३० कोटींवर ठिपके. न्यूयॉर्कजवळ स्टोनी ब्रूक विद्यापीठात २०१२ साली ४१६ पडद्यांच्या खोलीने दीड अब्जाचा आकडा गाठला. जुळवणीचा त्रास गेला, त्या जागी पडद्यांच्या काळ्या चौकटी आल्या. त्यावर दोन मतं पडली. एक म्हणे, चौकटीखाली येणारे ठिपके गाळून टाका. मग खिडकीच्या गजांमागे बाहेरचं झाड सलग दिसतं तसं चित्र सलग दिसेल. दुसरं म्हणे, आकडे वाचायचे असतील तर गाळलेल्या जागेत नेमकं दशांशचिन्ह जाईल. दोन्ही बरोबर आहेत, आणि बहुतेक भिंतींवर दोन्ही सोयी ठेवाव्या लागल्या.

या नव्या भिंतींवर डीएमएक्सचं महत्त्व ओसरत गेलं. खरं तर त्याच्या पायाखालची जमीन त्याच्या जन्माआधीच सरकू लागली होती, आणि ती सरकवणाऱ्यांत मार्टिन आणि फेथ हेच होते. १९९९च्या सुमारास ‘प्रिसिजन इनसाइट’ या छोट्या कंपनीत असताना त्यांनी लिनक्सवर थेट चित्रण आणण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. त्रिमितीय प्रोग्रॅमने एक्सच्या तारेवरून विनवण्या करण्याऐवजी त्याच यंत्रातल्या कार्डाशी थेट बोलायचं. वेग प्रचंड वाढला; अट एवढीच की प्रोग्रॅम आणि पडदा एकाच यंत्रात हवेत. तारेला वळसा घालणारे आणि तार भिंतभर ताणणारे, ही तीच माणसं. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही कामं एक्सचा तारेवरचा संवाद नेमका कुठे महाग पडतो हे आतून माहीत असलेल्यांनाच जमण्यासारखी होती.

मग अक्षरंही सर्व्हरकडून निघून प्रोग्रॅमकडे आली. गुळगुळीत कडांची अक्षरं प्रोग्रॅम स्वतः तयार करून चित्र म्हणून पाठवू लागला. बटणं, मेन्यू, सावल्या, सगळ्याचं तेच झालं. ‘इथून तिथे रेघ काढ’ अशा छोट्या वाक्यांऐवजी तारेवरून मोठमोठी तयार चित्रं वाहू लागली, आणि ज्या काटकसरीवर डीएमएक्स उभं होतं ती संपली. २००८ साली क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी एक्सच्या जागी वेलँड आणायला घेतलं. त्यात पडद्याला नेटवर्कवरचा पत्ताच नाही. प्रोग्रॅम आणि पडदा एका छताखाली असतात हे गृहीत धरलेलं. २००९ साली एएमडीने एकाच कार्डाला सहा पडदे जोडून दाखवले, आणि लहान भिंतींना अनेक यंत्रांची गरजच राहिली नाही.

डीएमएक्स २००४पासून एक्स सांभाळणाऱ्या एक्सडॉटऑर्गच्या मुख्य संहितेत होतं. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहिलं, आसपासचं बदलत गेलं, आणि त्यातले काही भाग चालेनासे झाले तरी तक्रार करणारं कोणी उरलं नव्हतं. २०२१च्या ऑक्टोबरात आलेल्या २१.१ या आवृत्तीतून ते काढून टाकलं. झिनेरामाचं काम एक्सच्याच ‘रँडआर’ नावाच्या नव्या जोडभागाने आधीच घेतलं होतं; तरी जुने प्रोग्रॅम झिनेरामाच्या भाषेत ‘किती स्क्रीन आहेत, कुठे आहेत’ असं विचारतात आणि सर्व्हर अजूनही त्याच भाषेत उत्तर देतो.

भिंती मात्र आहेत. शिकागोच्या गटाने २०१४ साली ‘सेज२’ नावाची प्रणाली आणली. तिच्यात भिंतीमागच्या प्रत्येक यंत्रावर एक साधा वेब ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडलेला असतो. मध्ये एक सर्व्हर बसतो, आणि प्रत्येक ब्राउझर त्याला आपला क्रमांक सांगून भिंतीतला आपला तुकडा मागून घेतो. एक्समध्ये पडदा सर्व्हर होता. इथे तो गिऱ्हाईक झाला आहे, आणि आपला पत्ता कोणाला देण्याऐवजी सर्व्हरचा पत्ता आपल्याजवळ ठेवतो.